एका दाबयंत्राचा जीर्णोद्धार

उन्हाळ्याची सुटी लागली की शिक्षकाच्या घरात दोन कामे हमखास निघतात. एक, पापड-कुरडयांच्या वाळवणावर राखण बसणे. आणि दुसरे, वर्षभर ‘सुटीत बघू’ म्हणून पुढे ढकललेला पसारा आवरणे. २०२४ च्या एप्रिलमध्ये पहिल्या कामातून आमची सुटका झाली, कारण वळिवाच्या भीतीने सौभाग्यवतींनी वाळवणाचा बेतच रहित केला होता. दुसऱ्या कामातून मात्र सुटका नव्हती.

बेळगावात शहापूर भागात आमचे जुने घर आहे. घराच्या परसात पत्र्याची एक लांबट शेड आहे. आमच्या तीर्थरूपांचे वर्कशॉप त्या शेडमध्ये होते. २००५ साली ते बंद झाले, २०११ साली तीर्थरूप गेले, आणि लेथ, ड्रिल, ऐरण, भाता असे एकेक करून सारे दुसऱ्यांच्या हवाली झाले. उरले होते ते एकच धूड. कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, माणसाहून उंच असे एक वीस टनी हायड्रॉलिक दाबयंत्र. कारखान्याच्या बोलीत त्याला नुसते ‘प्रेस’ म्हणतात. आमच्या शाळेतील सहकाऱ्यांपाशी आम्ही प्रथम या प्रेसचा विषय काढला, तेव्हा त्यांना तो छापखाना वाटला आणि मराठीचा एम. ए. अखेर ग्रंथप्रकाशनाकडे वळला म्हणून त्यांनी आमचे अभिनंदनही करून टाकले!

‘‘ते लोखंड एकदाचे भंगारात द्या, निदान तिथे गाडी तरी उभी राहील,’’ असा सौभाग्यवतींचा आग्रह होता. तो वाजवीही होता. भंगारवाल्याने येऊन ताडपत्री वर केली, पायाने चौकटीला दोन ठोके दिले आणि साडेचारशे किलो वजनाचा अंदाज करून साडेतेरा हजार रुपये बोलला. सोमवारी टेम्पो आणायचे ठरले. आणि रविवारी संध्याकाळी मिस्त्रीकाका दारात येऊन उभे राहिले.

‘‘मास्तर, ऐकलं ते खरं काय? प्रेस इकायला निघालासा?’’

आम्ही होय म्हटले. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘एकदा चालू करून बघूया की. मग काय करायचं ते करा.’’

हे दुसऱ्या कोणी म्हटले असते तर आम्ही हसून विषय टाळला असता. पण मिस्त्रीकाकांना आम्हांला नाही म्हणता आले नाही. कारण त्यांचा डावा डोळा याच यंत्राने नेला आहे.

ती गोष्ट १९८२ सालची. आम्ही तेव्हा सातवीत होतो. एका ट्रकच्या ॲक्सलवर गंजून घट्ट बसलेले बेअरिंग काढायचे होते. मिस्त्रीकाका पंपाचा दांडा मारीत होते आणि तीर्थरूप शेजारी उभे राहून दाबमापकाच्या काट्याकडे पाहत होते. आम्ही घरात अभ्यासाला बसलो होतो. फटाका फुटावा तसा एकच आवाज झाला आणि मागोमाग तीर्थरूपांची हाक ऐकू आली. बेअरिंगची बाहेरची कडी फुटून तिचा तुकडा काकांच्या डोळ्यात गेला होता. त्याच रात्री त्यांना मिरजेला नेले. जीव वाचला, डोळा गेला.

तीन महिन्यांनी काका कामावर परत आले आणि पुढे तेवीस वर्षे, शेड बंद होईपर्यंत, त्यांनी तीर्थरूपांबरोबर काम केले. दोघे एकाच ताटलीतली भजी खात, एकमेकांच्या घरच्या लग्नकार्यात पुढे होऊन राबत. पण त्या कोपऱ्याचा विषय दोघांपैकी कोणीही कधी काढला नाही. यंत्रावर ताडपत्री घातली ती तीर्थरूपांनी स्वतःच्या हाताने. आमच्या घरात त्या यंत्राचे नावही निघत नसे. शेजारीपाजारी त्याला अपशकुनी म्हणत. खरे सांगायचे तर लहानपणापासून आमचीही तीच समजूत होती, आणि लोखंडाची वाट सोडून आम्ही पुस्तकांची धरली त्यामागे या समजुतीचाही काही वाटा असावा.

सोमवारचा टेम्पो आम्ही परत पाठवला.

आता या यंत्राची थोडी ओळख करून द्यायला हवी. लोखंडी चॅनेलची इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखी उभी चौकट, तिच्या माथ्यावर सिलिंडर, सिलिंडरातून खाली उतरणारा जाड गोल दांडा म्हणजे रॅम, आणि बाजूला हाताने चालवायचा तेलाचा पंप. खालची आडवी बैठक दोन जाड पिनांवर टेकलेली असते. काम लहान-मोठे असेल तसे पिना काढून ती वरखाली करता येते. घट्ट बसलेले बेअरिंग काढणे, बुश बसवणे, वाकलेला शाफ्ट सरळ करणे, ही याची रोजची कामे. यात विजेचा संबंध नाही. एका माणसाच्या हाताचे बळ वीस टनांपर्यंत वाढवणे एवढेच याचे काम आहे.

हे बळ वाढते कसे, याचे मर्म फ्रान्समधील ब्लेझ पास्कल या गणितज्ञाने सतराव्या शतकात मांडले. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सर्व बाजूंना सारखाच पोचतो. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. त्या तत्त्वाचे यंत्र व्हायला मात्र आणखी शंभरावर वर्षे गेली. १७९५ साली लंडनच्या जोसेफ ब्रामा या नामांकित कुलूपकाराने दाबयंत्राचे पेटंट घेतले. त्याची अडचण मोठी मजेदार होती. रॅमभोवतीची फट सैल ठेवावी तर दाब चढताच तेथून द्रव गळे, आणि आवळून बंद करावी तर रॅमच अडके. यावर तोडगा निघाला तो चामड्याच्या कपाचा. दाब वाढला की या कपाचे ओठ आपोआप फाकतात आणि रॅमला घट्ट चिकटतात. दाब उतरला की सैल होतात. आमच्या पिढीतील वाचकांनी पंपाच्या स्टोव्हचा चामडी वॉशर खोबरेल तेलात भिजत घातलेला पाहिला असेल. तो याच कुळातला. या युक्तीचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ले या तरुण कारागिराला दिले जाते. पेटंट मालकाच्या नावावर, पण यंत्र चालले ते कामगाराच्या हातगुणाने, असे हे जुने उदाहरण आहे.

बेळगावला लोखंडाचे वेड जुनेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींच्या दुकानाने आरंभ केला तो याच गावात. लोखंडी नांगराच्या कारखान्याचा पाया येथेच पडला, आणि जागा सोडावी लागल्यावर १९१० मध्ये ते औंध संस्थानात गेले. तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे येथे ओतशाळा वाढल्या, उद्यमबाग वसली आणि हायड्रॉलिक्सच्या सामानासाठी गावाचे नाव झाले. तीर्थरूपांनी हे यंत्र १९७१ साली एका लिलावात जुनेच घेतले होते. त्याची नामपट्टी तेव्हाच झिजून गुळगुळीत झाली होती, त्यामुळे त्याचे जन्मस्थान कोणते ते आम्हांला ठाऊक नाही.

कामाला आम्ही तिघे होतो. शहात्तरी ओलांडलेले मिस्त्रीकाका. त्यांचा नातू, जो आय. टी. आय. करून उद्यमबागेत एका कारखान्यात लागला आहे आणि हल्लीच एक लहानसे गॅरेजही चालवतो, आणि आम्ही. आमच्या वाट्याला कोणते काम आले, हे सुज्ञ वाचकांनी ओळखलेच असेल. निघालेल्या प्रत्येक भागावर खडूने क्रमांक घालायचा, वहीत नोंद करायची आणि जुन्या चादरीवर तो क्रमाने मांडायचा. थोडक्यात, लोखंडाचा हजेरीपट आम्ही ठेवला. ही नोंद क्षुल्लक वाटेल, पण नव्वद भागांपैकी एक वॉशर उलटा बसला तरी सारी मेहनत वाया जाते, असे काकांनी पहिल्याच दिवशी बजावले होते.

टाकीचे बूच काढले तेव्हा काळ्या चहासारखे तेल निघाले, आणि तळाशी गंजाचा गाळ व पाणी. बंद यंत्राचे खरे वैरी हे पाणी. हवेतला ओलावा टाकीत शिरतो, तेलाखाली साचतो आणि पोलादाला आतून खातो. रॅमच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. चामड्याचा कप पापडासारखा कडक होऊन हातात मोडला. पंपातल्या झडपांमध्ये पोलादी छर्रे असतात. ते तेलाला पुढे जाऊ देतात, मागे येऊ देत नाहीत. त्यांच्या बैठकी खरवडल्या गेल्या होत्या. दाबमापक तेवढा बाहेरून धडका दिसत होता. नातवाने तो कारखान्यात नेऊन तपासणीच्या यंत्रावर लावून पाहिला. काटा तंतोतंत बरोबर चालला.

‘‘मग त्या दिवशी काय झालं?’’ काका स्वतःशीच पुटपुटले. त्यांच्या तोंडून ‘तो दिवस’ हे शब्द आम्ही बेचाळीस वर्षांत प्रथमच ऐकले.

सिलिंडरापासून दाबमापकापर्यंत तेल जाण्यासाठी एक बारीक भोक असते, काडेपेटीच्या काडीहूनही बारीक. नातवाने त्यात तार घातली. तार अर्ध्यावर अडली. फिरवून, दाबून, रॉकेल सोडून बराच वेळ गेल्यावर आतून काजळीसारखा काळा गोळा निघाला. नखावर घेऊन चोळला तेव्हा त्यात चामड्याचे तंतू दिसले. झिजलेल्या कपाचा चुरा आणि तेलाचा मळ मिळून त्या भोकाला बूच बसले होते. अशा वेळी सिलिंडरात कितीही दाब चढो, काट्याला त्याचा पत्ताच लागत नाही. काटा शून्यावरच राहतो.

काका जवळच्या पालथ्या डब्यावर बसले. पाणी मागून घेतले. मग संथपणे बोलू लागले.

‘‘काटा हललाच न्हाई त्या दिवशी. मालक म्हणाले, काटा शून्यावर हाय, मार अजून चार हात. मी मारले. पर दांडा जड लागत होता, मास्तर. शेवटाला तर मी त्याला लोंबकळत होतो. ह्या हाताला कळत होतं. हाताचं ऐकलं न्हाई, काट्याचं ऐकलं.’’

आम्ही विचारले, ‘‘हे तुम्ही बाबांना कधी सांगितले नाही?’’

‘‘कसं सांगू? त्यांनी ताडपत्री घातली. त्यांना वाटायचं, ‘मार’ म्हणून मी सांगितलं म्हणून ह्याचा डोळा गेला. आणि मला वाटायचं, माझ्या हातनं चूक झाली म्हणून मालकांचं चालतं मशीन बंद पडलं. दोघांनी बी तोंड उघडलं न्हाई.’’

त्या रात्री आम्ही वही घेऊन बसलो. रॅमचा व्यास ८० मिलिमीटर, पंपातील लहान दट्ट्याचा १२ मिलिमीटर. दोन्हींच्या क्षेत्रफळांचे प्रमाण सुमारे ४४ पट. दांड्याच्या तरफेमुळे हाताचे बळ आधीच १५ पट झालेले असते. म्हणजे घर्षणाचा तोटा सोडला तर हाताच्या ३० किलो जोराचे दट्ट्यावर ४५० किलो होतात आणि रॅमखाली २०,००० किलो, म्हणजे पूर्ण वीस टन. या वेळी तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ४०० किलो असतो. याची किंमतही यंत्र चोख वसूल करते. दट्ट्या २५ मिलिमीटर खाली जावा तेव्हा रॅम जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकतो.

मग आम्ही दुसरा हिशेब मांडला. काका तेव्हा सडपातळ होते. पंचावन्न किलो धरले आणि दांड्याला ते पूर्ण लोंबकळले असे मानले, तर रॅमखाली छत्तीस टनांहून अधिक भार येतो! वीस टनांच्या यंत्राकडून, काटा शून्य दाखवीत असता, छत्तीस टन. बेअरिंगचे पोलाद अतिशय कठीण असते; ते साध्या लोखंडासारखे वाकून इशारा देत नाही, एकदम फुटते. तीस किलोंहून अधिक जोर लागू लागला की मर्यादा आली, हे काकांचा हात काट्यावाचून सांगत होता. त्यांचा हातच खरा दाबमापक होता.

दुसऱ्या दिवशी याला आणखी एक साक्षीदार मिळाला. बैठकीच्या दोन पिनांपैकी एक काही केल्या निघेना. गंजाने धरली असेल म्हणून ती तापवून, ठोकून काढली आणि आरशाच्या काचेवर गडगडवली. ती डुगडुगत गेली. पिन मध्यावर वाकलेली होती. वीस टनांखाली अशी पिन वाकत नाही. आता इतक्या वर्षांनी हा पुरावा न्यायालयात टिकेल असे आम्ही म्हणणार नाही. तो काळा गोळा त्या दिवशीचाच होता, पुढे साचलेला नव्हे, हे शपथेवर कोण सांगणार? पण बंद भोक, वाकलेली पिन आणि काकांच्या हाताची आठवण या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळत होत्या. काकांना तेवढे पुरेसे होते. आम्हांलाही.

इथून पुढे कामाचा नूरच पालटला. आता यंत्र नुसते चालते करायचे नव्हते, विश्वासाला पात्र करायचे होते. या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते पुढच्या पाच आठवड्यांत आम्हांला समजले.

रॅम उद्यमबागेत ग्राइंड करून, हार्ड क्रोमचा थर चढवून, पुन्हा घासून मूळ मापावर आणला. चामड्याच्या कपाऐवजी त्याच मापाचे पॉलियुरेथेनचे सील लेथवर कातून मिळाले. जुन्या यंत्राचे सुटे भाग मिळत नाहीत ही तक्रार बेळगावात तरी करू नये. छर्ऱ्यांच्या बैठकी नव्याने कातल्या. त्यांवर नवा छर्रा ठेवून काकांनी पितळी दांड्याने एकच ठोका दिला. ‘‘दोन मारशील तर बैठक बिघडंल,’’ असे नातवाला बजावले. मग झडप रॉकेलने भरून रात्रभर पांढऱ्या कागदावर ठेवली. सकाळी कागद कोरा निघाला तेव्हाच ती पंपात गेली.

चौकटीचे सांधे डोळ्यांना साबूत दिसत होते. पण नातवाने त्यांवर पातळ लाल रंग फवारला, पुसून काढला आणि वर पांढरी पूड मारली. सांध्यात केसाएवढी चीर असली तरी आत शिरलेला लाल रंग त्या पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. एका कोपऱ्यात तशी बोटभर रेघ उमटली. तो सांधा खोलवर घासून पुन्हा वेल्ड केला आणि पुन्हा तपासला. पिना ई. एन. २४ जातीच्या पोलादाच्या नव्या करून घेतल्या. टाकीत हायड्रॉलिक तेल घातले, ४६ क्रमांकाचे. येथे गॅरेजवाल्या वाचकांसाठी एक सूचना : हाताशी आहे म्हणून जॅकमध्ये किंवा प्रेसमध्ये ब्रेकचे तेल घालू नये. त्याची जात वेगळी; सीलचे रबर त्याने फुगते आणि सडते.

नातवाच्या मनात यंत्राला झगझगीत लाल रंग द्यायचा होता. काकांनी साफ नकार दिला. ‘‘रंगाखाली चीर झाकती. आधी वर्षभर चालू दे, मग रंगव.’’ जीर्णोद्धार म्हणजे नवे दिसणे नव्हे, हे आम्ही मराठीच्या तासाला पुष्कळदा सांगितले आहे. पण इतक्या थोड्या शब्दांत कधी सांगितले नव्हते.

मूळ यंत्रात नसलेल्या तीन गोष्टी मात्र आम्ही मुद्दाम जोडल्या. पहिली, दुसरा दाबमापक, वेगळ्या भोकावर. एक काटा मुका झाला तर दुसरा बोलेल. दुसरी, रिलीफ व्हॉल्व्ह. दाब ४०० किलोंवर गेला की ही झडप आपोआप उघडते आणि तेल टाकीत परत जाते. तिसरी, कामाच्या पुढे बिजागरीवर उघडणारे पोलादी पत्र्याचे आणि जाळीचे दार. १८४९ साली वेल्समधील ब्रिटानिया पुलाची प्रचंड लोखंडी नळी दाबयंत्रांनी उचलली जात असता एका यंत्राचे सिलिंडरच फुटले. परंतु नळी वर चढेल तसतसा तिच्याखाली आधार भरत जायचा, अशी रॉबर्ट स्टीफन्सन या अभियंत्याची सक्त ताकीद होती, म्हणून ती काही इंचच खाली आली आणि पूल वाचला. ज्याच्यावर विसंबायचे त्याच्याखालीही एक आधार असावा, हा धडा आम्ही त्या गोष्टीतून घेतला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात चाचणी झाली. आधी सिलिंडरातली हवा काढून टाकली, कारण हवा दबते आणि सुटली की उसळते. तेल फारसे दबत नाही, म्हणून ते त्या मानाने सुरक्षित. रॅमखाली भरीव पोलादी ठोकळा ठेवून पाच टन, दहा टन, पंधरा टन असा टप्प्याटप्प्याने भार चढवला. प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटे थांबून गळती पाहायची, तीही पुठ्ठ्याचा तुकडा धरून, बोट लावून कदापि नाही. इतक्या दाबाखाली सुईच्या भोकातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ इस्पितळ गाठावे लागते.

वीस टनांवर पहिल्या खेपेस दोन्ही काटे हळूहळू उतरू लागले. दोष दाब सोडण्याच्या झडपेत निघाला. ती पुन्हा बसवली. दुसऱ्या खेपेस काटे दहा मिनिटे जागचे हलले नाहीत. मग नातवाने मुद्दाम आणखी दांडा मारला. काटे ४०० वर थांबले, दांडा एकाएकी हलका झाला आणि तेल खळखळत टाकीत परतले. काका एका डोळ्याने ते बघत होते. ‘‘आता हिला ‘नको’ म्हणता येतंय,’’ ते म्हणाले.

पहिले खरे काम आले ते जवळच्या पिठाच्या गिरणीचे. शाफ्टवरचे बेअरिंग अडकून बसले होते आणि गिरणी दोन दिवस बंद होती. कडीला नीट आधार दिला, दार लावले. दांड्यावर काका उभे राहिले. नातवाचे त्यांनी ऐकले नाही. काट्यापाशी उभे राहण्याची पाळी आमच्यावर आली. त्या जागी पूर्वी कोण उभे असे, ते आम्हां दोघांनाही ठाऊक होते.

काकांनी दांडा मारला. ‘‘किती?’’

‘‘चाळीस,’’ आम्ही म्हणालो.

पुन्हा दांडा. ‘‘किती, मास्तर?’’

‘‘सत्तर.’’

‘‘आता?’’

‘‘नव्वद,’’ आम्ही म्हणालो, आणि त्याच क्षणी टक् असा बारीक आवाज होऊन बेअरिंग सुटले. साडेचार टनांत काम झाले होते. काकांनी हाताचा घाम पुसला आणि म्हणाले, ‘‘हाताला बी तेवढंच वाटलं.’’

एकंदर खर्च भंगाराच्या किमतीच्या अडीचपट झाला, ही गोष्ट सौभाग्यवतींनी हिशेबाच्या वहीत आमच्या नावावर लिहून ठेवली आहे. यंत्र आता नातवाच्या गॅरेजात आहे आणि शेडमध्ये आमची गाडी उभी राहते. यंत्राच्या माथ्यावर आमच्या हस्ताक्षरात एक पाटी लावली आहे. मजकूर काकांचा. ‘दार लावल्याशिवाय दांडा मारू नये. दोन्ही काटे बघावेत. दांडा जड लागला तर काटा काहीही सांगो, थांबावे.’

शाळा उघडल्यावर या पाटीतली शेवटची ओळ आम्हांला वर्गावर्गांतून आठवू लागली. खानापूर तालुक्यातील आमच्या सरकारी मराठी शाळेत लांबून चालत येणारी मुले आहेत. ‘काय झाले रे?’ म्हणून विचारले की ‘काही नाही, सर’ म्हणतात. पूर्वी आम्ही त्यावर विश्वास ठेवून पुढे जात असू. काटा शून्यावर आहे एवढ्यावरून आत दाब नाही असे होत नाही, हे आम्हांला पन्नाशी उलटल्यावर, तेही एका यंत्राकडून शिकावे लागले. हल्ली आम्ही थोडा वेळ थांबतो आणि दुसऱ्यांदा विचारतो.

गिरणीचे काम झाले त्या संध्याकाळी काका चहासाठी घरात आले होते. कपबशी खाली ठेवून ते भिंतीवरच्या तीर्थरूपांच्या तसबिरीपुढे जाऊन उभे राहिले. आम्हांला वाटले, नमस्कार करतील. त्यांनी नमस्कार केला नाही. जन्मभर ज्या आवाजात ते कामाचा निरोप देत आले त्याच आवाजात म्हणाले, ‘‘मालक, भोक बंद होतं. तुमचं बी चुकलं न्हाई, माझं बी न्हाई.’’

मग टोपी घातली आणि नातवाच्या गाडीवर बसून गेले.